कानामागचा मणी

"आणखी कशी माफी मागायची असते, बुवा?" डॉक्टर मृणालिनी दाभाडे यांनी विचारलं.

त्यांच्या शेजारी विलास हात जोडून उभा होता. दोन वर्षांपूर्वी याच मठात चोरी करताना त्याने कान्हूचा गळा चिरला होता. कान्हू हा उद्धवबुवांचा शिष्य, पोरासारखा वाढवलेला. बुवांच्या घोंगडीवरची त्याची अर्धी जागा अजून रिकामी होती. तिथे बुवा कुणाला बसू देत नसत.

डॉक्टरबाईंनी विलासच्या कानामागे एक मणी बसवला होता. मनात वाईट आलं रे आलं, की मणी ते तिथल्या तिथे विझवायचा; उतू जाणाऱ्या दुधावर पाण्याचा हबका मारावा तसा. कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच, हे म्हणणं आपण खोटं पाडलं, असं बाई चारचौघांत सांगत. आता एकच अडचण उरली होती. मेलेल्याच्या जवळच्या माणसाने तोंडाने 'माफ केलं' म्हटल्याशिवाय कायदा विलासला सोडणार नव्हता. आणि विलास सुटला की सगळ्या तुरुंगांत मणी बसणार होते.

"माझं चुकलं. मला माफ करा," विलास म्हणाला. सकाळपासून तो हेच म्हणत होता, त्याच गोड आवाजात.



बुवा म्हणाले, "माझं चुकलं नाही, असं म्हण."

विलासने तोंड उघडलं. ओठ हलले. कपाळावर घाम आला, पण शब्द फुटेना. शेवटी तो हसला आणि म्हणाला, "माझं चुकलं."

"बघा," बाई म्हणाल्या. त्यांना ते यशच वाटलं.

"बंद करा तो मणी," बुवा म्हणाले.

बाई चपापल्या. मणी बंद केला तर हा पुन्हा तोच होईल, कान्हूला मारणारा, आणि इथे जवळपास पोलिसही नाही, असं त्यांनी परोपरीने सांगून पाहिलं.

"माफी हवी ना तुम्हाला?"

बाईंनी नाइलाजाने हातातली मण्याची कळ दाबली.

विलासचे जोडलेले हात सुटले. त्याने कानामागे चोळलं. बुवांकडे पाहिलं, घोंगडीकडे पाहिलं, आणि नजर दाराकडे वळवली.

"काय बघतोस, म्हाताऱ्या? तो आडवा आला म्हणून मेला. माझं काही चुकलं नाही."

 बाईंचा अंगठा कळीकडे गेला. बुवांनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने घोंगडीची रिकामी बाजू झटकली.

कान्हू गेला तेव्हाही बुवा रडले नव्हते, असं मठातले सांगत. आता त्यांचे डोळे भरून आले होते.

"आलास?" ते विलासला म्हणाले. "बस. दोन वर्षं तुझीच वाट बघतोय."