रंगरावांचा गोठा

पिंपळदरीच्या शाळेच्या गळक्या छपराची दुरुस्ती घरपट्टीच्या पैशांवाचून अडली होती. गावातली बडी असामी असलेले रंगराव मात्र पट्टी चुकवायला आपला दुमजली बंगला गोठा आहे म्हणून सांगू लागले. वसुलीला गेलेले ग्रामसेवक भाऊसाहेब चक्रावले. खिडक्यांना पडदे, छताला झुंबर, आणि हा गोठा?

ग्रामसभेत ते सरपंच सुगंधाबाईंना म्हणाले, "बाई, मला तर काही उमजेना!"

"उमजायचंय काय त्यात? गोठाच आहे तो!" रंगराव गरजले.

"बरं," सुगंधाबाई शांतपणे म्हणाल्या. "भाऊसाहेब, उद्याच जनावरांच्या डॉक्टरांना तिथं पाठवा. आत राहणाऱ्या सगळ्यांच्या कानात बिल्ला मारायचा राहिलाय."

सभेत हशा पिकला. रंगराव तिथेच पैसे काढू लागले.

गोंधळलेल्या भाऊसाहेबांनी विचारलं, "पावतीवर काय लिहू? घर की गोठा?"

"घर लिहा हो, घर!"