भुरी शेळीचा नवा खुबा

प्राणी एकमेकांची हाडं बसवून देत, त्या काळची गोष्ट. भुरी शेळीचा खुबा झिजला. ती लंगडू लागली, तसं तिचं करडू रोज लांडग्याच्या गुहेकडे उधळू लागलं. घाबरीघुबरी होऊन भुरी सुतारपक्ष्याकडे गेली.

"मांडीच्या हाडात जाणारा दांडा वेगळा, वरचा गोळा वेगळा असा खुबा बसवू?" त्याने विचारलं. "माप चुकलं तर नुसता गोळा बदलता येतो."

"नको बाई! जोड म्हटला की मला घोर लागतो. अखंडच द्या."

अखंड खुबा बसला, पण पाय बोटभर लांब झाला. करडामागे धावलेली भुरी गोल फिरून सुतारपक्ष्याच्याच झाडाखाली आली.

"आलीस परत?"

"आले कुठे? मी तर सरळच धावत होते!"

मग सगळा खुबा उपटावा लागला. अख्खं रान ऐकेल अशी भुरी ओरडली. या वेळी सुतारपक्ष्याने दांडा बसवला आणि एकेक गोळा लावून पाहिला. लहान गोळ्याने मागचे दोन्ही पाय सारखे झाले.

"जोड कधी घासलाच तर दुखेल. तेव्हा अंगावर काढू नकोस, लगेच ये."

दुसऱ्या दिवशी करडू गुहेकडे उधळलं. भुरी काळजी करत करतच, पण सरळ रेषेत धावली आणि तिने त्याचा कान दातांत धरला.

"सुतारकाका," करडू सुतारपक्ष्याच्या झाडाकडे बघत कळवळलं, "आधीचाच खुबा बरा होता हो!"