सभेत कुणी न मागितलेला आवाज

एका गावात घरोघरी कॉम्प्युटर होते, आणि त्या सगळ्यांना चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम घडवणारी एक कारागीर बाई होती. दर दसऱ्याला ती सिस्टीम नवी करून द्यायची. त्याआधी गावाची सभा भरायची आणि ज्याला जे हवं ते त्यानं मागायचं. मागायला काय जातं!

सरपंच म्हणाले, “कॉम्प्युटर लावला की पडद्यावर मोर नाचला पाहिजे. पिसारा फुलवून!” दुकानदाराला बटण दाबायच्या आत सुरू होणारी सिस्टीम हवी होती. एका नव्या नवरीला पडद्याचा रंग रोज साडीप्रमाणे बदलणारा हवा होता. शेवटी मोरावर सगळ्यांचं एकमत झालं, आणि त्या गावात एकमत म्हणजे कपिलाषष्ठीचा योग.

बाई घरी येऊन डोक्याला हात लावून बसली. गावातले कॉम्प्युटर जुने, त्यांच्या पोटात जागा ती किती? मोर घ्यायचा तर काहीतरी काढायला हवं. शोधता शोधता तिला पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवणारा आवाज सापडला. सभेत आजवर कुणी त्याचं नावही काढलं नव्हतं. “हाच काढते,” ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात, त्यांना कामाला लावत नाहीत. म्हणून काम दसऱ्याच्या सकाळवर गेलं.

खंडेनवमीला ती घरोघरी प्रसादाला गेली. सगळीकडे पडद्यांना झेंडूचे हार. शेवटचं घर वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या अण्णांचं. अण्णांना दिसत नसे. त्यांच्याकडे पडदा तसाच कोरडा होता. हळदकुंकू आणि फूल वाहिलं होतं ते बाजूच्या छोट्या स्पीकरला.

बाई हसली. “अण्णा, हार पडद्याला घालतात हो.”

“तो पडदा कसला असतो कोण जाणे,” अण्णा म्हणाले. “माझा देव या डबीत. डोळे गेले तेव्हा पुस्तकं कपाटात कोंडली, म्हटलं, संपलं आता. हा आवाज आला आणि पुन्हा वाचायला लागलो. दुपारी गोष्ट ऐकतो, संध्याकाळी नातीला सांगतो. ती गावभर सांगत फिरते, आमचे आजोबा किती वाचतात! बाई, तुमचे उपकार कसे फेडू?”

“मग सभेत कधी बोलला नाहीत ते?”

“सभा मागण्यासाठी असते. मला तर मिळालंय.”

बाईनं हातातला प्रसाद खाली ठेवला. आपण काय काढायला निघालो होतो, या विचारानं तिला लाज वाटली. पण त्याहून जास्त तिचं मन भरून आलं. इतकी वर्षं राबली, तरी आपलं काम कुणाच्या जगण्याला लागलंय हे तिला आजच कळलं होतं. ती वाकून अण्णांच्या पाया पडली.

दसऱ्याला नवी सिस्टीम आली. मोर नव्हता. सरपंच तणतणत तिच्या दारात हजर. “आमचा मोर कुठाय?”

“मोराला जागा करायची तर अण्णांना पुन्हा आंधळं करावं लागत होतं, सरपंच. करू?”

सरपंच खालच्या आवाजात म्हणाले, “राहू दे बाई. मोर काय, ओढ्यावर पुष्कळ आहेत.”

तात्पर्य: समाधानी माणूस सभेत ओरडत नाही, म्हणून काही काढून टाकण्याआधी त्याच्या दारी जाऊन यावं.