कानाशेजारची जागा

लाकडी इंग्रजी अक्षरांचा डबा घरोघरी असायचा, तेव्हाची गोष्ट. ई, ए आणि आर या तीन बहिणी कायम एकत्र बसायच्या. तिघी मिळून शब्द व्हायचा 'इअर', म्हणजे कान. पुढे डी येऊन बसला की व्हायचा 'डिअर', म्हणजे लाडका.

एकदा एच आला. "मला बसू द्या. आपण 'हिअर' होऊ, म्हणजे ऐकणं."

"तुझा आवाज म्हणजे नुसता उसासा!" आर फणकारली.

डी म्हणाला, "बसू दे गं घटकाभर. मी सरकतो."

"मग तूही जा त्याच्याबरोबर!"

डी गेला तो परतलाच नाही. रिकाम्या जागी टी येऊन बसला. शब्द झाला 'टिअर', म्हणजे आसू.

बऱ्याच वेळानं ए हळूच म्हणाली, "आपण तर कान होतो ना गं?"