दाजीसाहेबांची संकष्टी

शिवणकाम डोळ्यांना झेपेना, तेव्हा आमच्या आळीतल्या इंदुमतीवहिनींनी उपवासाचा बटाट्याचा चिवडा विकायचं ठरवलं. गणपतीचं नाव घेऊन त्यांनी अंगारकीच्या जत्रेत देवळापाशी एक टेबल मांडायची परवानगी मागितली. परवानगी देणार देवस्थानचे अध्यक्ष दाजीसाहेब शेटे, आणि चौकातलं फरसाणाचं मोठं दुकानही त्यांचंच.

"वहिनी, घरचा नैवेद्य वेगळा आणि धंदा वेगळा," दाजीसाहेब सभामंडपात सगळ्यांदेखत म्हणाले. "उपवासाचं लोक विश्वासावर घेतात. तुमच्यावर कोण ठेवणार विश्वास?"

"तुम्ही ठेवलात की सगळे ठेवतील," वहिनी म्हणाल्या. "आज संकष्टी. तुमचा उपवास असेलच ना?"

"लहानपणापासून एकही मोडलेला नाही."

वहिनींनी पिशवीतून दोन वाट्या काढल्या. "ह्यात तुमच्या दुकानातला उपवासाचा चिवडा आहे, ह्यात माझा. विश्वास वाटेल त्यातला घासभर घ्या. तुमचा खाल्लात तर मी टेबलाचं नाव काढणार नाही."

दाजीसाहेबांचा हात ऐटीत आपल्या वाटीकडे गेला आणि तिथंच थबकला. दुकानामागे बेसनाची शेव आणि उपवासाचा चिवडा एकाच कढईत, एकाच तेलात तळला जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वहिनींनीही ते जाता-येता पाहिलं होतं. हात हळूच दुसऱ्या वाटीत गेला.

"बरा झालाय," ते पुटपुटले.

"देवानं तुमचा उपवास सांभाळला, दाजीसाहेब," वहिनी हात जोडून म्हणाल्या. "आता गिऱ्हाइकांचाही सांभाळू या. टेबल कुठं मांडू?"