चोथ्यातले सत्त्व

रस पिळून घेतल्यावर जे उरते, त्याला मराठीत चोथा म्हणतात. शब्द तोंडातून निघतो न निघतो, तोच हात ती वस्तू फेकायला उचललेला असतो. या प्रसंगापुरता वाचकाने तो हात जरा आवरून धरावा.

“...आणि हे औषध निघते कशातून?”

घाटमाथ्यावरच्या पाणपोईत भैरवगिरी महाराज उभे होते. ओंजळ करून वाकलेल्या एका धनगराच्या हातांवर त्यांनी धार धरली होती. ती न मोडता त्यांनी औषध घेऊन आलेल्या शिष्याला, त्र्यंबकाला, हा प्रश्न केला.

त्र्यंबकाची नजर महाराजांच्या पोटऱ्यांवर होती. निळ्या शिरा दोरखंडासारख्या पिळल्या होत्या. घोट्याजवळची कातडी काळवंडली होती. जन्मभर उभे राहून वाटसरूंना पाणी पाजले, त्याचे हे फळ. तिथे एकदा जखम झाली की हे पाय पुन्हा उभे राहू द्यायचे नाहीत, हे त्याला पक्के ठाऊक होते.

“मोसंबीच्या सालीतून,” तो म्हणाला. “रसाच्या कारखान्यातून आम्ही चोथा उचलून आणतो. त्यातून पिवळसर भुकटी निघते. शिरांच्या भिंतींना तिने बळ येते, सूज ओसरते. साऱ्या प्रयोगशाळेत, महाराज, ती इतकी शुद्ध काढणे एकट्या मला साधले.”

“वा! म्हणजे सगळे पिळून नेल्यावरही काही उरते म्हणतोस?”

“काही? खरे मोलाचे तेच उरते!”

महाराज मिशीत हसले.

ते हसू त्र्यंबकाला उमगायला क्षणभर लागला. काही वर्षांपूर्वी याच पाणपोईच्या पायरीवर, झोळी खांद्याला अडकवून, तो म्हणाला होता, “आपल्याकडून घेण्याजोगे सारे घेऊन झाले, महाराज. आता इथे राहून काय करू?”

त्याची मान खाली गेली.

“महाराज, तेव्हा मी...”

“चढ चढून आलास. आधी पाणी पी.”

धार सुटली. त्र्यंबकाच्या एका मुठीत गोळ्यांची पुडी, ओंजळ होईना. पाणी नुसतेच बोटांवरून वाहून गेले.

“अरे लेका, औषध खाली ठेव. मी कुठे पळून चाललोय? तेही या पायांनी!”

पुडी कट्ट्यावर गेली. त्र्यंबक पोटभर प्याला. मग तोंड पुसण्याच्या निमित्ताने त्याने डोळे पुसले आणि काही न विचारता महाराजांच्या हातातला तांब्या काढून घेतला.

“बसा आता. पाय वर घ्या.”

“आणि इथे तू उभा राहणार? किती दिवस?”

“गोळ्या काही महिने तरी घ्याव्या लागतील...”

“मी मुक्काम विचारला, तू मात्रा सांगतोस.”

त्र्यंबकाने तांब्या पुन्हा भरून घेतला.

हा प्रसंग सांगणारे शेवटी सांगतात, की महाराजांनी पुडी दरीत भिरकावली आणि शिष्याचा गर्व उतरवला. तसे मुळीच घडले नाही. महाराज कट्ट्यावर पाय पसरून बसले, त्यांनी ओंजळ पुढे केली, आणि त्र्यंबकाने धरलेल्या धारेबरोबर एक गोळी मुकाट गिळली. उरलेली पुडी त्याच्याच खिशात कोंबत ते म्हणाले,

“उद्याची उद्या दे.”