ढवळीची जुनी घाटी

एक होता राजा, आणि त्याच्या गावाबाहेर राहायची गोजरा ओतारीण. ती पितळ ओतून गुरांच्या गळ्यातल्या घाट्या करायची. पण नुसत्या पितळेची घाटी नाही हं. ज्याची गाय, त्यानं घरातली मोडकी पळी, फुटकी वाटी काहीतरी द्यायचं. ते ती रसात टाकायची. मग घाटीला त्या घराचा आवाज यायचा. कुरकुऱ्या घराची घाटी कुरकुरायची, बरं का. हसतोस काय, आपल्या घराची कशी वाजते ते मला विचार.

मग एकदा समुद्रापलीकडून व्यापारी आला. त्याच्या घाट्या चकचकीत, सगळ्या एका साच्यातल्या. राजा भाळला. म्हणाला, "आजपासून गावात ह्याच." जुन्या घाट्यांचा ढीग गोजराच्या दारात पडला. तिची भट्टी थंड झाली. तो ढीग वितळवून विकला असता तर पोट भरलं असतं. पण दुसऱ्याच्या घराचा आवाज न विचारता वितळवायचा नाही, ही तिच्या घराण्याची रीत. तिनं गाव सोडायचं ठरवलं. फार वाईट वाटलं बिचारीला.

इकडे पहिल्या दिवशी पाटलाची गाय सुताराच्या गोठ्यात. दुसऱ्या दिवशी निम्मं गाव भांडतंय. तिसऱ्या दिवशी धुकं पडलं आणि राजाची ढवळी रानात चुकली. राजाची तान्ही लेक तिच्याशिवाय कुणाचं दूध घेईना. रडून रडून पोर मलूल झाली. गुराखी कान देतात, तर चहूकडून एकच किणकिण. ढवळी शोधायची कुठं?

मग राजा स्वतः गोजराकडे गेला. ती गाढवावर बोचकं बांधत होती.

"गोजराबाई, ढवळीची घाटी वितळवलीत का हो?"

"तुम्ही कुठं सांगितलंत, महाराज?"

तिनं ढिगातून घाटी काढली. तीत राजाच्या घरच्या पाळण्याची मोडकी कडी ओतलेली होती. टेकडीवर उभी राहून तिनं ती हलवली. धुक्यात अंगाई वाजल्यासारखं झालं. पुन्हा हलवली. तिसऱ्यांदा हलवली, आणि ढवळी हंबरत आली. पोर घटाघटा दूध प्यायली. राजाला हुश्श झालं.

मग ज्याची त्याची घाटी ज्याच्या त्याच्या गायीला गेली. चकचकीत घाट्या शेतात पाखरं हाकलायला टांगल्या. गोजरानं बोचकं सोडलं, भट्टी पेटवली. मोडकी पळी घेऊन पहिला कोण आला? राजाच. सगळे सुखात राहिले.

गोठ्यात वाजली, ऐकलीत ना? आपलीच घाटी ती. म्हणजे सगळे घरी आले. मिटा आता डोळे.